वरातीमागून ३९० घोडे

ठाण्यात वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा माणूस दाखवा, अशी पैज कुणी लावली तर बेलाशक घ्या. तो आमच्या संकुलात राहतो. सिग्नल तोडत नाही, उलट्या दिशेने घुसत नाही, कुणाला कट मारत नाही आणि पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवतो की मध्ये दोन रिक्षा आणि एक टेम्पो आरामात शिरतात. शिरतातच. हे संस्कार या गृहस्थांना शाळेत मिळाले नाहीत. पोर्शे ९११ घेतल्यावर मिळाले.

ही त्यांची एकमेव गाडी. अशा गाडीच्या जोडीला एक साधी 'रोजची' गाडी ठेवायची असते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण पहिलीचा हप्ता गेल्यावर जे उरतं त्यात दुसरीचे फक्त वायपर येतात. शिवाय विकणाऱ्याने सांगितलं होतं, साहेब, रोज वापरता येईल अशी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. यात खोटं काही नाही. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात अवतरली तेव्हापासून या गाडीचा लौकिक तोच आहे. पुढे दोघांना ऐसपैस जागा, मागे म्हणायला दोन सीटा, नाकाखाली थोडंफार सामान. जर्मनीत लोक ती घेऊन कामावर जातात, येताना पावही आणतात. फक्त जर्मनीच्या रस्त्यांवरून कासारवडवलीला कसं यायचं, ते विकणाऱ्याने सांगितलं नाही.

घोडबंदर रोड सकाळी साडेनऊला पाहावा. डावीकडे खोदकाम, मधोमध मेट्रोचे खांब, उजवीकडे गुजरातकडे निघालेला कंटेनर. त्या गर्दीत सुमारे ३९० अश्वशक्ती, शून्यावरून शंभर गाठायला चार सेकंद आणि ताशी २९० च्या पुढे जाण्याची ताकद पाटलीपाड्याच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये घुटमळत असते. एके काळी या खाडीवर अरबी घोडे उतरत, असं सांगतात. त्यांनाही इथून पुढे निघायला एवढा वेळ लागला नसेल.

लग्नसराईत तर विचारू नका. परवा दोन लेन अडवून वरात चालली होती. सगळ्यात पुढे बँजो, मग नवऱ्याचं घोडं, मग नाचणारे काका, आणि काकांच्या मागे हे ३९०. वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून शब्दशः कुणी जगलं नसेल. नाचता नाचता एका काकांनी काच ठोठावली. गृहस्थांना वाटलं, बाजूने वाट करून देतायत. काकांनी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" खरा आकडा सांगायची सोय नव्हती. त्यांनी 'बरं देते' म्हणून काच वर केली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. १९ मे २०२४ ला, मध्यरात्र उलटल्यावर, पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले. त्यात विनोदाला जागा नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरची ती मस्ती हा पोलिसांचा आणि न्यायालयाचा विषय. या सदराचा विषय आहे दिवसाउजेडी, भरल्या रस्त्यावर, कर भरून केलेलं वाहन चालवणं.

त्यात पहिला मान गतिरोधकाचा. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने त्यावरून सुखाने जाता येतं. नियमातला गतिरोधक आणि ९११ चं पोट यांची भेट हुकते ती जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने. पण आपले गतिरोधक नियम वाचून थोडेच जन्माला येतात? ते जन्माला येतात उरलेल्या डांबरातून आणि गल्लीतल्या दादाच्या इच्छेतून. त्यांची उंची दादाच्या वजनावर ठरते.

संकुलाच्या फाटकापाशी असाच एक आहे. तो ओलांडण्याचा विधी असा. आधी गाडी पूर्ण थांबवायची. मग नाक वर उचलण्याचं बटण दाबायचं. हे बटण वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं. पुढचा भाग चारेक सेंटीमीटर वर येईपर्यंत मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. मग गाडी तिरकी घालायची, आधी डावं चाक, मग उजवं. वॉचमन शिट्टी तोंडात धरून गुडघ्यांवर बसतो आणि गाडीखाली डोकावून सांगतो, "येऊ द्या... येऊ द्या... हळू... बास, बास, बास!" तिसऱ्या 'बास'ला खालून खर्रर्र आवाज येतो. वॉचमन मान हलवत उठतो. "काय नाय झालं सायेब, नुसतं घासलं."

पेट्रोल पंपावरही कौतुक होतं. पोरगा नळी घेऊन मागच्या बाजूला जातो, तिथे इंजिन निघतं. टाकीचं झाकण असतं पुढच्या उजव्या चाकावर. सगळे थक्क होतात, शेजारचा रिक्षावाला तेवढा होत नाही. "त्यात काय? आपलं पण इंजिन मागंच असतंय." बरोबर आहे त्याचं. बजाजच्या रिक्षेला 'आरई' म्हणतात ते रिअर इंजिनवरूनच. घराणं एकच. फरक इतकाच, की रिक्षेला पुढे एकच चाक आणि चालकाला रस्त्याचा एकेक खड्डा पाठ. गणपती आणताना हा फरक उघड झाला. समोरच्या डिकीत मूर्ती आडवी घालावी लागली असती, ते शास्त्रात बसेना. मागच्या सीटवर मूर्ती बसली असती, पण मखर अडलं. शेवटी बाप्पांना पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं आणि मखर घेऊन वहिनी रिक्षाने निघाल्या. बाप्पा दारात पोचले तेव्हा वहिनी पायांवर घालायला पाणी घेऊन उभ्या होत्या. मखर लावून झालं होतं.

द्रुतगती मार्गावर तरी पारणं फिटत असेल, असं तुम्हाला वाटेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा, मोटारींना वेगमर्यादा ताशी १००, घाटात त्याहून कमी, आणि जागोजागी कॅमेरे. म्हणजे चार सेकंदांत शंभर गाठायचे आणि उरलेला तासभर स्वतःला आवरायचं. मर्यादा योग्यच आहे. पण एवढ्या संयमाला अध्यात्मात साधना म्हणतात आणि ती फुकट होते.

या देशाने स्पोर्ट्स कारची मनापासून काळजी एकदा केली होती. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली आणि सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरने ती त्याच्या हाती सोपवली. मग वाद पेटला. आयात शुल्काचे १ कोटी १३ लाख कुणी भरायचे? माफ करावेत की करू नयेत? चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत खल झाला, अखेर पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली. एवढ्या रामायणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही, की ही मुंबईत चालवायची कुठे?

आजही आपण तो विचारत नाही. राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. आमच्या शेजाऱ्यांची तक्रार नाही. ऐपत आहे, भरावा. फक्त एवढ्या पैशांत आपल्या वाट्याला निदान एक बुजवलेला खड्डा यावा, आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकावा, इतकी त्यांची माफक अपेक्षा आहे.

बाकीच्यांनी अपेक्षाच सोडल्या आहेत. रस्ता खचला तशा आपण गाड्या उंच केल्या. आता देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक एसयूव्ही प्रकारातल्या असतात. पूर्वी गाडी बघताना लोक रंग विचारायचे, हल्ली आधी ग्राउंड क्लिअरन्स विचारतात. त्याला आपण पसंती म्हणतो. ती शरणागती आहे, आणि ती आपण हप्त्यांवर विकत घेतो. उंचावर बसलं की खड्डा बोचत नाही. बोचला नाही की तक्रार होत नाही. तक्रार नसली की खड्डा रीतसर कायम होतो. अशा काळात जमिनीपासून चार बोटं उंचीची गाडी रोजच्या वापराला घेणारा माणूस वेडा म्हणा, उधळ्या म्हणा, पण सरकारी रस्त्यावर विश्वास ठेवणारा तो शेवटचा नागरिक आहे.

म्हणून एक सूचना. प्रत्येक नगरसेवकाला, रस्ते विभागाच्या प्रत्येक अभियंत्याला आणि प्रत्येक ठेकेदाराला सरकारी खर्चाने एकेक ९११ द्यावी. अट एकच, घरात दुसरी गाडी असता कामा नये. रोज तिनेच कामावर जायचं, तिनेच सासुरवाडीला जायचं, आणि नाक उचलायचं बटण काढून घ्यायचं. खर्च डोळे पांढरे करणारा आहे, पण दरवर्षी त्याच खड्ड्यांत जी खडी ओततो तिचा हिशेब मांडला तर बहुधा स्वस्तच पडेल.

प्रस्तावाचं पुढे काय होईल, तेही सांगतो. समिती नेमली जाईल. समिती अभ्यासासाठी जर्मनीला जाईल, ऑटोबान पाहील, सहकुटुंब पाहील. परत आल्यावर एकमताने शिफारस करील की रस्त्यांत दोष नाही, गाड्या बुटक्या आहेत, त्या वीतभर उचलून घ्याव्यात. उचलण्याचं टेंडर निघेल, आणि ते खड्डे बुजवणाऱ्या ठेकेदारालाच मिळेल. त्याला अनुभव आहे.