मिडला रिपोर्ट करा!

डोटा हा खेळ पाच जणांनी मिळून जिंकायचा आणि चौघांनी मिळून हरायचा असतो. पाचवे म्हणजे आपण. आपण कधीच हरत नाही. आपल्याला हरवलं जातं, आणि तेही समोरच्यांकडून नव्हे, आपल्याच टीमकडून.

ज्यांच्या घरात अजून हेडफोन लावलेलं अपत्य नाही, त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. २००३ च्या सुमारास ‘वॉरक्राफ्ट थ्री’ या खेळावर हौशी मंडळींनी आपला नकाशा रचला आणि त्यातून डोटा जन्मला. २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’, २०१३ मध्ये ‘डोटा टू’, असा पुढे वंशविस्तार झाला. पाच विरुद्ध पाच. तीन वाटा, त्यांना लेन म्हणायचं. मधली लेन म्हणजे मिड. समोरच्याचा तळ फोडला की जिंकलो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत लॅनच्या तारेवर एक पिढी यावर पोसली गेली. मग हातात मोबाइल आला, पबजी आलं, २०२० मध्ये त्याच्यावर बंदी आली, आणि २०२१ मध्ये बीजीएमआय असं बारसं करून ते परत आलं. खेळ बदलत गेले, पण हरल्यावर बोलायची भाषा बदलली नाही.

ही भाषा बंद दाराआडून ऐकावी. ‘अरे, फीड नको करूस त्याला!’ असं ऐकून आजीला वाटतं, नातू कुणाचं तरी पथ्य सांभाळतोय. प्रत्यक्षात फीड करणं म्हणजे पुन्हा पुन्हा मरून समोरच्याच्या पदरात सोनं टाकणं. असं करणारा तो फीडर. डाव अर्ध्यावर टाकून गायब होणारा तो एएफके, म्हणजे कीबोर्ड सोडून गेलेला. मोबाइलवर कीबोर्ड नसतो ही अडचण कुणालाच जाणवत नाही. मी घाम गाळून अर्धमेला केलेला शत्रू शेवटच्या टोल्याला मारून नाव कमावणारा तो केएस. झुडपात दबा धरून बसणारा कॅम्पर. जिंकत आलेला डाव घालवला तर थ्रो. डोकं फिरून भलतंच खेळायला लागला तर टिल्ट. आणि काहीच नेमकं सुचलं नाही तर नूब. यातल्या कुणाचीही कंपनीकडे तक्रार ठोकणं म्हणजे रिपोर्ट.

शब्दसंपदा एवढी समृद्ध, पण तिला प्रथमपुरुष चालत नाही. ‘मी फीडर आहे’ हे वाक्य व्याकरणात बसतं, तोंडात बसत नाही. ‘माय बॅड’ असा एक प्रयोग चलनात आहे खरा. तो सहसा डाव जिंकत असताना होतो, कारण तेव्हा तो परवडतो.

श्रेयाची व्यवस्था वेगळी. टीममध्ये कॅरी नावाचं मानाचं पद असतं. हा सुरुवातीला दुबळा, म्हणून सगळ्यांनी त्याला जपायचं, सोन्यावर पहिला हक्क त्याचा. शेवटी तो बलाढ्य होतो आणि तुम्हा चौघांना मीच खांद्यावरून नेलं म्हणतो. उलट टोकाला सपोर्ट. त्यानं अंधारात जाऊन वॉर्ड लावायचे (महापालिकेचे नव्हेत, टेहळणीचे), सगळ्यांची मलमपट्टी करायची आणि वेळ आली की कॅरीच्या जागी मरायचं. डाव संपला की फलकावर मरणांचा आकडा बहुधा त्याच्याच नावापुढे मोठा दिसतो, म्हणून फीडरही तोच. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला ही पद्धत वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

याहून वरचा एक डाव आहे, डिनाय. आपला सैनिक मरायला टेकला, की त्याच्या मरणाचं सोनं शत्रूला मिळू नये म्हणून आपणच त्याला मारून टाकायचं. डोटात हे कसबाचं लक्षण मानतात. आपल्याकडे तिकीटवाटप झालं की प्रत्येक पक्षात हे कसब अंगी असलेले दोन-चार जण निघतातच. त्यांना बिचाऱ्यांना कुणी ईस्पोर्ट्सवाले म्हणत नाही.

या कलहावर कंपन्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ काढणाऱ्या रायट कंपनीनं २०११ मध्ये ट्रायब्युनल नावाची पंचायत बसवली. तक्रारींच्या फायली खेळाडूंनीच वाचायच्या आणि शिक्षा व्हावी की नाही तेही खेळाडूंनीच सांगायचं. पुढे ती गुंडाळली गेली. ‘ओव्हरवॉच’ या खेळानं २०१६ मध्ये अधिक खट्याळपणा केला. डाव संपल्यावर ‘जीजी’ म्हणजे छान खेळलात म्हणायची रीत आहे. त्याला ‘ईझी’ जोडलं की ‘तुम्ही तर किरकोळीत हरलात’ असं मीठ चोळलं जातं. कुणी ‘जीजी ईझी’ लिहिलं की खेळ ते गुपचूप बदलून, आता माझी झोपायची वेळ झाली अशा थाटाची बाळबोध कबुली त्याच्या नावावर छापू लागला.

सगळ्यात उद्बोधक निर्णय २०२१ मधला. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये शिवीगाळ फार होते म्हणून रायटनं प्रतिस्पर्ध्यांशी बोलण्याची सोय बंद केली. आपल्याच टीमशी बोलण्याची चालू ठेवली. तिथेही शिव्या होतातच हे कंपनीनं मान्य केलं, पण टीमला एकमेकांशी बोलावं तर लागणारच, असा युक्तिवाद होता. म्हणजे शत्रूशी अबोला आणि भावकीशी भांडण. हा तोडगा परदेशी कंपनीला सुचला याचं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे कितीतरी सातबारे याच तत्त्वावर उभे आहेत. बोलणं पुरत नसेल तर चिन्हं आहेत. शत्रू दिसेनासा झाला हे कळवण्यासाठी नकाशावर प्रश्नचिन्ह उमटवायची सोय होती. ते आता मेलेल्या सहकाऱ्याच्या प्रेताशेजारी उमटवतात.

पण या कलेत मराठी माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा सामना संपून अडीचशेहून अधिक वर्षं झाली, आमचा त्यावरचा चॅट अजून बंद झालेला नाही. होळकर ऐन वेळी एएफके गेले. सूरजमल जाटानं तर लॉबीतूनच काढता पाय घेतला. इब्राहिमखानाच्या तोफा रंगात आल्या होत्या, तेवढ्यात आपल्याच घोडेस्वारांनी गोल मोडून केएससाठी उडी घेतली. विश्वासरावांना गोळी लागली आणि अख्खी टीम टिल्ट झाली. भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरून सोलो रश केला. आणि एवढ्या यात्रेकरूंना स्क्वाडमध्ये घेतलं कुणी? प्रत्येक घराण्याचा आपापला रिपोर्ट तयार आहे, त्यावर कादंबऱ्या आहेत, व्याख्यानमाला आहेत. या सगळ्या चर्चेत अब्दालीचं नाव तोंडी लावण्यापुरतं येतं. तो बिचारा फक्त जिंकला.

तेव्हा आपल्या संस्था या खेळाला तयारच आहेत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा टू संघानं ब्राँझ पदक आणलं, आणि त्याच वर्षअखेर केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या छायेखाली घेतलं. खेळाला सरकारी मान्यता म्हटल्यावर संघटना आली, संघटनेत दोन गट आले, गटांचे दोन लेटरहेड आले. पदाधिकाऱ्यांचा सराव झालेलाच असतो. शब्द तेवढे नवे पाठ करायचे. सत्काराच्या स्टेजवर पदकाशेजारी कोण उभं राहणार, या लढतीत केएसचे जे नमुने बघायला मिळतात, त्यांच्यापुढे कोवळी पोरं काय टिकणार!

आता या शास्त्राचं शिखर, एलो हेल. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. बुद्धिबळपटूंची ताकद आकड्यात मांडायची त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. बुद्धिबळात टीममेट नसतो, त्यामुळे हरलेल्याची फार पंचाईत होते. फार तर उजेड कमी होता म्हणता येतं. तशाच आकडेमोडीनं पाच जणांच्या खेळात खेळाडूंना पायऱ्यांवर बसवलं आणि नव्या नरकाचा शोध लागला. गुणी खेळाडू, केवळ नशिबी आलेल्या टीममेटांमुळे, जिथे खालच्या पायरीवर सडत पडतो ते हे एलो हेल. या नरकाचं वैशिष्ट्य म्हणजे इथे पापी एकही नाही. प्रत्येक जण चुकून आलेला आणि शेजाऱ्यामुळे अडकलेला.

यावर एक चोख हिशेब आहे. माझ्या बाजूला अनोळखी चार, समोर अनोळखी पाच. जगात नूब कितीही असोत, त्यांना बसायला समोर एक जागा जास्त आहे. म्हणजे मी खरोखर चांगला असेन, तर शेकडो सामन्यांत नशिबानं मलाच हात द्यायला हवा. तरीही मी खालीच असेन, तर त्या शेकडो हरलेल्या सामन्यांत न चुकता हजर असलेला खेळाडू एकच सापडतो.

हा हिशेब खेळाडूंना ठाऊक नाही असं समजू नका. सगळ्यांना तोंडपाठ आहे. रोज रात्री ते तो एकमेकांना सुनावत असतात.

असो. आजचं सदर तुम्हाला आवडलं असेल, तर ते मी एकट्यानं कॅरी केलं आहे. नसेल आवडलं, तर मूळ मजकुरात उत्तम विनोद होते, ते उपसंपादकांनी जागेअभावी डिनाय केले. मुद्रितशोधक परवापासून एएफके आहेत. आणि शेजारच्या व्यंगचित्रकारानं माझा सगळ्यात चांगला विषय केएस केला. पत्रं त्यांच्या नावानं पाठवावीत.