५६ एपीओचं स्थळ

"मावशी, कुंपणापाशी या की जरा! कामात आहात का?"

"कुकर लावलाय. एक शिट्टी झाली, दोन व्हायच्यात. तेवढ्यात बोल."

"आमच्या धाकटीला स्थळ आलंय. मुलगा फौजेत आहे, मराठा लाइट इन्फंट्रीत. घरचे चांगले आहेत, रानही आहे. पण हा माहितीचा कागद वाचून माझं डोकं गरगरलं. पत्ता बघा. नंबर, नाव, पलटण आणि पुढं 'द्वारा ५६ एपीओ'. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. मुलगी द्यायची तर द्यायची कुठं?"

"अगं, माझा निम्मा संसार त्या पत्त्यावर झालाय! एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ दिल्लीतून फुटतं, ९९ कलकत्त्यातून. पाकीट तिथवर आपलं, पुढं पलटण कुठं आहे ते त्यांचं त्यांना ठाऊक. लग्न झालं तेव्हा मी नकाशात छप्पन नावाचं गाव शोधत होते. सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या, पोरगा आता छप्पनात असतो."

"आणि हुद्दा 'एल-एनके' असा लिहिलाय."

"लान्स नायक. बाहीवर एक फीत. नायकाला दोन, हवालदाराला तीन. त्याच्या वर नायब सुभेदार, मग सुभेदार, मग सुभेदार मेजर. आमच्या ह्यांच्या आज्याच्या वेळी नायब सुभेदाराला जमादार म्हणायचे, १९६५ साली नाव बदललं. पुढं काय लिहिलंय?"

"'शेप वन'. हे काय, अंगकाठी?"

"नाही गं! शेप म्हणजे पाच अक्षरं. मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे. पाचही तपासून ठणठणीत निघाले की शेप वन. आपण पत्रिकेत नाडी बघतो, फौज डोळ्यांचा नंबर बघते. मला विचारशील तर फौजेची पत्रिका जास्त खरी."

"बरं, 'सध्या फील्ड, पुढल्या वर्षी पीस'?"

"फील्ड म्हणजे सरहद्दीकडं, तिथं बायकोला नेता येत नाही. पीस म्हणजे छावणीचं गाव. तिथं क्वार्टर मिळालं तर संसार मांडायचा. म्हणून मुलगा पुढल्या वर्षीचं बोलतोय. हुशार आहे. वर्षाला साठ दिवस एएल, तीस दिवस सीएल, म्हणजे वार्षिक नि किरकोळ रजा. एवढ्यात लग्न, गावची जत्रा, घराची कौलं आणि भावाचं भांडण, सगळं बसवायचं. आणि एक लक्षात ठेव, जावयाला आग्रह करून दोन दिवस जास्त ठेवून घ्यायचं नाही. रजा संपून वर राहिला की तो ओएसएल. मग तिकडं साहेबापुढं उभं राहायचं आणि कारण काय सांगायचं? सासूनं पुरणपोळी केली होती?"

"मावशी, तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून येत होतं?"

"कसलं येतंय! माझं माहेर आपशिंगे, अख्खं गाव मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. पण बायकांना कोण शिकवणार? ह्यांचं एकदा पत्र आलं, 'महिनाभर टीडीवर आहे.' टीडी म्हणजे टेम्पररी ड्यूटी. ते पत्र दिरानं सासूबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांना ऐकू आलं ताडीवर! तीन दिवस घरात चूल पेटली नाही. मामंजी डोक्याला हात लावून बसले, म्हणे आमच्या सात पिढ्यांत कुणी शिवलं नव्हतं."

"अगं आई गं!"

"पुढचं ऐक. बेळगावच्या सेंटरला हे रंगरूट असताना पत्रात लिहायचे, 'आज खूप रगडा मिळाला.' मला वाटायचं, वा, पोटभर रगडा मिळतोय! रगडा म्हणजे शिक्षेची कवायत. भर उन्हात मैदानावर कोलांट्या आणि पाठीवर पिट्ठू. पिट्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी, तिच्यात निम्मं घर असतं."

"आणि रंगरूट?"

"इंग्रजी रिक्रूट. आपल्या माणसांच्या तोंडात जाऊन त्याचा रंगरूट झाला. फालन म्हणजे फॉल इन, रांगेत या. आमची पोरं लहानपणी जेवायलासुद्धा फालन व्हायची. आणि सगळ्यात गंमत हुकुमदारची. रात्री पहाऱ्यावरचा गोरा शिपाई हटकायचा, 'हू कम्स देअर?' आपल्या शिपायानं ऐकलं, 'हुकुमदार!' तेच चिकटलं. आमचे हे अजून पहाटे फाटक वाजलं की अंथरुणातून ओरडतात, 'थम! हुकुमदार!' नवा दूधवाला पहिल्या दिवशी किटली टाकून पळाला. आता शिकलाय, म्हणतो 'दोस्त, दीड लिटर.'"

"परवा काका फोनवर गॅसवालीशी काय बोलत होते? मला वाटलं भांडताहेत."

"नाव सांगत होते. पी फॉर पापा, ए फॉर अल्फा, टी फॉर टँगो. ती पोरगी म्हणाली, काका, पप्पांचं नाव नको, तुमचं सांगा. हे म्हणाले, 'रॉजर!' तिनं तेही लिहून घेतलं. आता सिलिंडर कुणाच्या नावानं येतंय देव जाणे."

"हा रॉजर कोण?"

"कुणी नाही. जुन्या बाराखडीत आर फॉर रॉजर होतं. आर म्हणजे रिसीव्ह्ड, निरोप पोचला. तशीच ती जोंगा. हे सांगायचे, साहेब जोंगातून आले. मला वाटायचं हत्तीबित्ती असेल. जीप निघाली. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं उचलून नाव केलेलं."

"म्हणजे सगळं इंग्रजांनीच दिलेलं म्हणायचं."

"तसं म्हणू नकोस हं, ह्यांनी ऐकलं तर तासभर बौद्धिक घेतील! हवालदार, सुभेदार, नाईक हे हुद्दे शिवाजी महाराजांच्या काळीही होते. इंग्रजांनी ते उचलले आणि आपल्या फौजेत लावले. महादजी शिंद्यांनी युरोपीय पद्धतीनं पायदळ उभं केलं, त्याला कंपू म्हणायचे. ती फौज गेली, कंपू राहिला. आता आपल्या भिशीत दोन आहेत. आमच्या रेजिमेंटची पहिली बटालियन १७६८ सालची, तिला जंगी पलटण म्हणतात. आणि तू तुझ्या नातवंडांना काय म्हणतेस?"

"पलटणच म्हणते! आणि मिस्टर म्हणतात, मी सगळ्यांसाठी लष्करच्या भाकऱ्या भाजते."

"मग? तूही निम्मी भरती झालेलीच आहेस. तिकडं भाकऱ्या भाजायच्या जागेला लंगर म्हणतात. आणि सणाला साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकत्र जेवतात तो बडा खाना. आमचे हे लग्नाच्या पंगतीलासुद्धा बडा खानाच म्हणतात."

"मावशी, तुमच्याशी बोलून हलकं वाटलं. भाषेचाच काय तो बाऊ. शिकेल हळूहळू धाकटी."

"शिकेल. पण हळूहळू नको, लग्नाआधी शिकव."

"का हो?"

"कारगिलची गोष्ट, ९९ सालची. ह्यांची पलटण तिकडं होती. मे गेला, जून गेला. गावात संध्याकाळी सगळे टीव्हीपुढं आणि मी परड्यात, कारण बघवायचं नाही. जुलैत पत्र आलं. चार ओळी. 'सब ठीक. पाऊस झाला का. बैल विकू नका. सब ठीक.' वर कोपऱ्यात तारीख आणि तारखेच्या खाली 'एमएच' अशी दोन अक्षरं. दिवाळीआधी रजेवर आले. बघते तर मांडीला हातभर टाके. म्हटलं, कळवलं का नाही? म्हणाले, कळवलं की, कोपऱ्यात लिहिलं होतं. एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल."

"आणि तुम्हाला?"

"मला वाटलं, महाराष्ट्र! त्या दिवसांत गावात नवी जीप आली होती, तिच्यावर एमएच-११ रंगवलेलं. म्हटलं, बघा, एवढ्या धुमाळीत माणसाला घराची आठवण येतेय. ते पत्र मी तीन महिने देवामागं ठेवलं होतं. शेजारणींना वाचून दाखवलं होतं."

"..."

"अशी तोंडात मारल्यासारखी बघू नकोस. स्थळ चांगलं आहे, सोडू नकोस. फक्त पोरीला सांग, फौजी 'सब ठीक' म्हणाला की तिथं थांबायचं नाही. तो तिकडचा रामराम आहे, त्यात बातमी नसते. बातमी कोपऱ्यात असते."

तेवढ्यात घरातून काकांचा, म्हणजे मावशींच्या सुभेदारांचा आवाज आला, "लंगर में क्या हाल है?"

मावशी कुंपणावरचा हात न काढता ओरडल्या, "सब ठीक!"

बोलण्याच्या नादात आम्हा दोघींनाही शिट्ट्या ऐकू आल्या नव्हत्या. भात करपल्याचा वास मात्र कुंपण ओलांडून माझ्या तुळशीपर्यंत आला होता.