विसापैकी वीस

पश्चिम बंगालमध्ये अकरावीतल्या विद्यार्थ्याला टॅब किंवा स्मार्टफोन घेण्यासाठी सरकार दहा हजार रुपये देतं. घेतला की बिल शाळेत जमा करायचं. मोबाइल मात्र शाळेत आणायचा नाही. उच्च माध्यमिकच्या परीक्षेत सापडला तर अख्खी परीक्षा रद्द. साधन घरी आणि शिक्षण शाळेत अशी वाटणी असल्यामुळे दोघांची गाठ पडत नाही, आणि गाठ न पडल्यामुळे भांडणही होत नाही.

योजनेचं नाव ‘तरुणेर स्वप्न’. सुभाषबाबूंच्या एका पुस्तकाचंही हेच नाव आहे, पण ते वाचायला टॅब लागत नाही. कोरोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, सरकार बारावीच्या मुलांना टॅबच देणार होतं. एवढे लाखो टॅब वेळेत मिळेनात म्हणून थेट बँक खात्यात पैसे टाकायचं ठरलं. पुढे शाळा उघडल्या, फळे पुसले गेले, पण पैसे यायचे थांबले नाहीत. २०२४ पासून ते अकरावीतच मिळू लागले. एकदा सुरू झालेली योजना बंद करायची म्हणजे निवडणूक आयोगाला आगाऊ निकाल कळवण्यासारखं आहे.

या साधनांचा मुख्य उपयोग म्हणजे प्रकल्प. ज्या विषयांना प्रयोगशाळा नाही, त्यांना इथे ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचा प्रकल्प. बंगालीच्या प्रकल्पात मुलाखत घ्या, सर्वेक्षण करा, अनुवाद करा किंवा स्वरचित कथा लिहा. कल्पना सुरेख आहे. मूल गल्लीत हिंडेल, म्हाताऱ्या माणसांशी बोलेल, वही भरेल. मूल खरोखरच हिंडतं, पण यूट्यूबवर. तिथे प्रकल्प आयता मिळतो, मुखपृष्ठ कसं रंगवायचं तेही दाखवतात. यूट्यूबच्या आधीच्या पिढीसाठी कोलकात्याचा कॉलेज स्ट्रीट होताच. जगात क्वचितच सापडेल असा हा पुस्तकबाजार, आणि त्यात गाइडांचे ढीगही तितकेच दांडगे. आता स्वरचित कथा चॅटजीपीटी रचतो. एकाच वर्गातल्या चाळीस वह्यांमध्ये आजोबांची छत्री हरवते आणि चाळीसही वेळा ती शेजारच्या गरीब मुलाकडे सापडते. चाळीस नातवंडं धाय मोकलून रडतात. दिदिमणी, म्हणजे वर्गाच्या बाई, विसापैकी अठरा देतात. सोळा दिले तर पालक भेटायला येतात, आणि वीस दिले तर मुख्याध्यापक.

आपल्याकडे हे कुणाला नवं वाटू नये. अकरावी-बारावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पात महाराष्ट्रातली किती मुलं खरोखर ओढ्यापर्यंत गेली आणि किती झेरॉक्सच्या दुकानापर्यंत, हे ओढ्याला ठाऊक आहे.

पण मग शिक्षक काय करतात? शिक्षक ऑनलाइन साधनं वापरत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोलकात्यातल्या कुठल्याही सरकारी अनुदानित शाळेच्या स्टाफरूममध्ये तासभर बसावं. मुलींच्या शिष्यवृत्तीचं ‘कन्याश्री’, सायकलींची ‘सबुज साथी’, अल्पसंख्याकांची ‘ऐक्यश्री’, केंद्राचं यू-डायस, राज्याचं ‘बांगलार शिक्षा’, अशी ही पोर्टलं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाची अंतिम तारीख कालची. इतिहासाचे सर पलाशीच्या लढाईची तारीख एक वेळ चुकतील, पण मुलाच्या खात्याचा आयएफएससी कोड चुकणार नाहीत. प्रकल्पाबद्दल विचारायला आलेल्या मुलाला सर म्हणतात, “थांब रे बाबा, सर्व्हर आत्ताच आलाय.” मूल थांबतं. सर्व्हर जातो. मूलही जातं.

ऑनलाइन साधनांचा खरा कल्पक वापर पाहायला मिळाला तो २०२४ च्या नोव्हेंबरात. अनेक शाळांत मुलं सांगू लागली की टॅबचे पैसे आले नाहीत. पोर्टलवर तर आल्याची नोंद होती. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा कळलं की पोर्टलमध्ये शिरून मुलांच्या नावापुढचे खाते क्रमांकच कुणी बदलले होते. हजारावर विद्यार्थ्यांचे पैसे भलत्याच खात्यांत गेले होते. धागे उत्तर दिनाजपूरमधल्या चोपड्यापर्यंत पोचले. काही खाती चहामळ्यातल्या मजुरांची निघाली. किरकोळ रकमेवर त्यांनी ती वापरायला दिली होती. आणि अटक झालेल्यांत शिक्षकही होते. प्रशिक्षण वाया जात नाही ते असं.

मराठी माणसाने यावर हसण्याआधी नागपूरकडे पाहावं. २०२५ मध्ये तिथे शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीस आला. बंगालमध्ये मुलं खरी होती आणि खाती बोगस. नागपुरात खाती खरी होती आणि शिक्षक बोगस. दोन्ही राज्यांनी माहितीची देवाणघेवाण केली, तर एक परिपूर्ण बोगस शाळा उभी राहू शकते. तिचा निकाल शंभर टक्के लागेल, आणि कुठलंही पोर्टल हरकत घेणार नाही.

बंगालच्या उच्च माध्यमिक परिषदेने मात्र कात टाकली आहे. आता सत्र पद्धती आली. २०२५ च्या सप्टेंबरात बारावीच्या मुलांनी तिसऱ्या सत्राची परीक्षा ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करून दिली. पारदर्शक, आधुनिक, मानवी हाताचा स्पर्श नाही. त्याच वर्षी ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने या राज्यातल्या २५ हजारांहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द केल्या होत्या. कारण, भरती परीक्षेच्या ओएमआर उत्तरपत्रिकांतली हेराफेरी. मूळ उत्तरपत्रिका तर भरती करणाऱ्या शालेय सेवा आयोगाने नष्टच करून टाकल्या होत्या. ज्यांनी स्वतःचे गोळे प्रामाणिकपणे काळे केले होते, तेही या निकालात बाहेर फेकले गेले, आणि त्यांतले बरेच जण न्यायालयाच्याच मुभेने पुढचे काही महिने वर्गात उभे राहून मुलांना गोळे कसे नीट भरावेत हे शिकवत होते. गोळ्याच्या बाहेर शाई जाऊ देऊ नका, असं ते किती कळकळीने सांगत असतील, याची कल्पना करावी.

म्हणून परिषदेला एक सूचना. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय सगळ्यांना एकच द्यावा: ‘माझ्या दहा हजारांचा प्रवास’. यात सर्वेक्षण आहे, कारण वर्गात कुणाकुणाला मिळाले ते मोजावं लागेल. नकाशा आहे, कोलकात्यापासून चोपड्यापर्यंत. मुलाखत आहे, ज्याच्या खात्यात पैसे पडले त्या मजुराची. त्याला बहुधा खात्यात किती आले हेही कुणी सांगितलं नसेल. अनुवाद आहे, आरोपपत्राचा. यूट्यूबवर हा प्रकल्प आयता मिळणार नाही, आणि चॅटजीपीटी आजोबांच्या छत्रीवर येऊन थांबेल. मार्गदर्शक शिक्षकांनी फक्त ओटीपी सांगू नये, एवढं पुरे. प्रस्तावना, उद्दिष्ट, कार्यपद्धती ही पानं नेहमीसारखी. फक्त वहीत ऋणनिर्देशाचं जे एक पान असतं, ते अपुरं पडेल. तिथे जादा पुरवण्या जोडायची परवानगी असावी.