वेल्हे : १८, ६ की २?

‘वेल्हे’ या शब्दात अक्षरं किती? जिल्हा परिषदेच्या शाळेतलं दुसरीचं पोर सांगेल, दोन. पीएचपी नावाच्या भाषेला विचारा, तिचं लांबी मोजायचं नेहमीचं फंक्शन सांगेल, १८. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट म्हणतील, ६. कोणीच खोटं बोलत नाही. पीएचपी बाइट मोजते आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. बाकीच्या दोघी चिन्हं मोजतात : व, मात्रा, ल, हलन्त, ह, मात्रा. पोर मोजतं अक्षरं, कारण प्रश्न अक्षरांचा होता.

वेबसाइट कुठल्या भाषेत लिहावी यावर हिंजवडीत चहा थंड होईपर्यंत भांडणं होतात. पीएचपीवाला पायथॉनवाल्याला नवशिका म्हणतो, पायथॉनवाला पीएचपीवाल्याला म्हातारा म्हणतो आणि रिअ‍ॅक्टवाला दोघांकडे मावळतीच्या सूर्याकडे बघावं तसा बघतो. या तिघांना एकदा स्वारगेटवरून वेल्ह्याच्या एसटीत बसवून द्यावं, असं माझं बरेच दिवस मत आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मान्यता दिली. राजगड म्हणजे पीएचपीच्या हिशेबाने १५ बाइट. सरळ ३ बाइटांची बचत! एवढ्या काटकसरीबद्दल अभिनंदनाचा एकही फ्लेक्स लागू नये, याचं नवल वाटतं.

गंमत सोडा, पण नामांतर ही वेबसाइटच्या रचनेची बोर्डाची परीक्षा असते. तालुक्याचं नाव एका तक्त्यात एकदाच लिहिलं असेल, तर बदल मिनिटभराचा. पण प्रोग्रामर घाईत असेल आणि त्याने प्रत्येक फॉर्ममध्ये, प्रत्येक दाखल्याच्या साच्यात ‘वेल्हे’ हाताने टंकलं असेल, तर उरतो एकच रामबाण : शोधा आणि बदला. मग तालुक्याबरोबर वेल्हे बुद्रुक गावाचंही ‘राजगड बुद्रुक’ होतं आणि मंत्रिमंडळाने न घेतलेला निर्णय एका कळीसरशी अमलात येतो.

यावर उपाय नाही असं नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’ आहे. तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला स्वतःचा क्रमांक असतो. ओळख क्रमांकाने ठेवायची आणि नाव नुसतं पाटीसारखं लावायचं, म्हणजे पाटी बदलली तरी आतलं घर हलत नाही. एवढं केलं की भाषा पीएचपी असो, जावा असो, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट असो. एवढं केलं नाही, तर जगातली सगळ्यात नवी भाषाही नवाच घोटाळा करते.

शिवाय राजगड हे नाव घेताना शेजार बघायला हवा. घाट उतरलं की रायगड जिल्हा. (त्याचंही १९८१ पर्यंत कुलाबा होतं.) मध्य प्रदेशात राजगढ, छत्तीसगडात रायगढ. रोमन लिपीत राजगड आणि रायगडमध्ये फरक फक्त ‘जे’ आणि ‘आय’चा, आणि मोबाइलच्या पडद्यावर दोघांच्याही डोक्यावर तेच टिंब. त्यात या राजगड तालुक्याची कचेरी तोरण्याच्या पायथ्याला. ‘राजगड तहसील’ असा नकाशात शोध घेऊन निघालेला पुण्याचा ट्रेकर पहाटे तोरण्याखाली उतरणार आणि समोर बालेकिल्ला का दिसत नाही म्हणून गावालाच जाब विचारणार. दुव्यावर लिहिलेलं एक आणि पोचवलेलं भलतीकडे, ही रचनेतली चूक आम्ही डोंगरातसुद्धा करून दाखवली आहे.

गुंजवण्याचं दुखणं आणखी वेगळं. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव, चोरदरवाज्याची वाट इथूनच चढते. ‘गुंजवणे’ म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. गावाच्या नावाला २० पुरे, असं ठरवून कोणी पीएचपीच्या जुन्या फंक्शनने नाव कापलं, की शेवटची मात्रा अर्धवट तुटते आणि दाखल्यावर ‘गुंजवण’पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. पीएचपीत चिन्हं नीट मोजणारी वेगळी फंक्शनंही आहेत, नाहीत असं नाही. पण प्रोग्रामरने चाचणी घेतलेली असते रोमन लिपीतल्या ‘पुणे’वर. ४ अक्षरं, ४ बाइट, सगळं ठीक.

सातबाऱ्याचंच बघा. महाभूलेख या सरकारी साइटच्या पानांच्या पत्त्याला वर्षानुवर्षं ‘एएसपीएक्स’चं शेपूट दिसत आलंय, म्हणजे आत डॉट नेट. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. भोरच्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने ‘हे डॉट नेट का घेतलं, नोड का नाही?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. तो विचारतो, ‘साइट चालू हाय का?’ पस्तीस वर्षांच्या वेब-चर्चेचा गाळून घेतलेला अर्क या चार शब्दांत आहे, आणि त्याचं मानधन त्याला कोणी देत नाही.

आता जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आणखी अकरा मराठा किल्ल्यांबरोबर राजगड गेला. म्हणजे पायथ्याच्या प्रत्येक पडवीला वेबसाइट हवी. समजा, एका मामाने दोन खोल्या रंगवल्या, पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात, गाडी लावायला जागा. वेबसाइट करणार हिंजवडीतला भाचा.

‘मामा, पीएचपी आता कोणी वापरत नाही. आपण रिअ‍ॅक्टमध्ये करू.’

कोणी वापरत नाही! जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात आणि वर्डप्रेस पीएचपीतच लिहिलेलं आहे. खुद्द फेसबुकचा संसार पीएचपीवर उभा राहिला आणि त्याच फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट बाहेर काढलं. फरक असा की पीएचपी पान शिजवून ताटात वाढते. रिअ‍ॅक्टची मूळ रीत म्हणजे शिधा, भांडी आणि कृती पाठवायची. स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या मोबाइलने करायचा. पुण्यात हे चालून जातं. हिरडस मावळात, नाहीतर तोरण्याच्या मागच्या कुशीत रेंजची एक दांडी असते, तीही फोन खिडकीशी धरला तर. तिथे दोन एमबीचं पान उतरतंय तोवर पाहुणा पाबे घाटातून परत फिरलेला असतो.

भाचा म्हणेल, आता रिअ‍ॅक्टमध्येही पान सर्व्हरवरच तयार करून पाठवायची सोय आहे. आहे ना. १९९५ साली पीएचपीने हेच सुरू केलं होतं.

मामासाठी मी साध्या एचटीएमएलच्या बाजूचा आहे. एक पान, एक छोटा फोटो, भाव, नकाशा आणि वरच मोठ्ठा फोन नंबर. डेटाबेस नको, लॉगिन नको, ‘कुकीज स्वीकारा’ तर नकोच. भाषा निवडायचीच झाली, तर ती बिघडल्यावर भोरच्या बाजारपेठेत दुरुस्त करणारा कोणी सापडतो का, एवढं बघावं. कारण भाच्याची बदली बंगळुरूला होणार आहे आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात आहे.

पण भाचा ऐकत नाही. तो पडद्यावर रात्रीच्या आभाळासारखी काळी पार्श्वभूमी दाखवतो, वर सरकणारा बालेकिल्ला, हळूच उमटणारी अक्षरं.

‘छान हाय. पन फोन नंबर कुटंय रं?’

‘खाली स्क्रोल केल्यावर येतो, मामा. आणि हा डार्क मोड बघा, ठेवू का?’

‘ठेव की. पावसाळ्यात लाइट गेली की आठ-आठ दिस त्योच मोड असतोय हितं.’