पाखरूबाबू

प्रत्येक सरकारी कचेरीत एक पाखरूबाबू असतोच. वर्ध्यात त्याला गाठायचे असेल तर सकाळी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली पाहावे. रात्री दिव्यावर आलेले पतंग भिंतीला चिकटलेले असतात आणि बाबू त्यांची हजेरी घेत असतो. स्वतःची हजेरी नंतर. झाडणारी मावशी ताटकळते.

"आटपा ना भाऊ!"

"थांब मावशे, हा कण्हेरीवरचा हाय. पाहून तर घे."

मावशी वाकून पाहते. हिरवेगार पंख, त्यांवर गुलाबी-पांढऱ्या लाटा. "लुगड्याले बरा रंग हाय," असा निर्वाळा देऊन ती पुढची पायरी झाडते.

खिडकीजवळचे टेबल त्याने मागून घेतलेले. तिथे ऊन येते आणि पंख्याचे वारे येत नाही, म्हणून भांडण झाले नाही. बाहेरच्या उंबरावर तांबट 'टुक-टुक' करू लागला की 'सविनय सादर' इथेच लेखणी थांबते आणि समासात 'तांबट, २' अशी नोंद पडते. वरिष्ठ त्याखाली 'पाहिले' लिहून सही करतात.

देवळीचा शेतकरी फेरफाराची चौकशी करायला येतो आणि बोलता बोलता कपाशीतल्या कामगंध सापळ्याचे सांगतो. बाबू खुर्ची पुढे ओढतो.

"रोज किती पतंग पडून रायले?"

"नऊ-दहा."

"सलग तीन रात्री आठ आले, का बोंडअळीनं उंबरठा ओलांडला समज. आजच कृषी सहायकाले गाठ."

फेरफार जागचा हलत नाही, पण काहीतरी काम झाले या समाधानात शेतकरी जातो. कचेरीतून असे जाणे दुर्मीळच.

निवडणूक ड्यूटी आली की बाबूची पाठ दुखते. सर्टिफिकेट तयार असते. मात्र २०१८ मध्ये बहार नेचर फाउंडेशनने शहरपक्ष्याची निवडणूक घेतली तेव्हा हाच माणूस जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलाशी फिरून नीलपंखाचा प्रचार करत होता. नीलपंख निवडून आला. त्या दिवशी बाबूने कचेरीला पेढे वाटले. मुलगा बारावी झाला तेव्हा चहावर भागवले होते.

परवा त्याने सेलूला बदली मागितली. वर्धा सोडून सेलू? साहेबांनी आत बोलावले.

"तिकडं काय आहे?"

"बोर धरण हाय ना साहेब."

"मग?"

"हिवाळ्यात बाहेरून मोठमोठे पाव्हणे येतात. चक्रवाक गिक्रवाक. पहाटे पहाटे गेलं तर भेट होते."

साहेबांनी फक्त 'बाहेरून', 'मोठे' आणि 'पहाटे भेट' एवढेच ऐकले. दार अर्धे उघडे होते. शिपायानेही तेवढेच ऐकले. संध्याकाळपर्यंत सेलूच्या त्या टेबलासाठी आणखी तीन अर्ज पडले. एकाने तर आमदारांचे पत्र जोडले आहे.