मीटर लावून पाहू

गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज झाला की हे भाऊ बनियनवर हजर. तुमच्याही गल्लीत असतीलच. आमच्या वर्धेच्या भाऊंच्या हातात वर एक पिवळा मल्टिमीटर असतो आणि तोंडी एकच वाक्य, "मीटर लावून पाहू जी!"

साक्षगंधात नवऱ्या मुलाचं घड्याळ बंद पडलं, तर यांनी स्टेजवरच सेलला मीटर लावला. तेरवीच्या पंगतीत माईक खरखरला, तर वरणभात सोडून उठले.

मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो. उन्हातल्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. म्हणून शेजारच्या गुरुजींनी रिमोट स्टार्टर आणला. कॅनडातले लोक तो गाडी गरम व्हावी म्हणून बसवतात. गुरुजींना घरातूनच एसी सुरू करायचा होता. सगळं जोडून झालं, अडलं टॅकोमीटरच्या वायरीपाशी. इंजिन लागलं की नाही, हे त्या डब्बीला या वायरीवरूनच कळतं. नाहीतर स्टार्टर आपला घरघरतच राहायचा. आर्वी नाक्यावरचा पोरगा टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचायला लागला, तसे भाऊ ओरडले, "दिवा नको लावू बे, गाडीचा कॉम्प्युटर, ईसीयू जाईन! मीटर लाव."

मग व्याख्यान. चारही इंजेक्टरांवर एका रंगाची वायर सारखीच असते, ती 12 व्होल्टची, तिला सोडायचं, दुसरी धरायची. मीटर एसी व्होल्टवर. "दोन... सव्वातीन... दाबा ना जी एक्सलेटर, पेपर तपासून राहिले का?" रेस वाढली तसा आकडा चढला. सापडली! "आता गिअर न्यूट्रलमध्येच ठेवत जा," भाऊंनी बजावलं. दुसऱ्याच सकाळी गुरुजींनी बटण दाबलं आणि पहिल्या गिअरमधली गाडी फाटकाला जाऊन भेटली.

वैताग येतो हो या माणसाचा. पण कूलर खिडकीत चढले की हे न बोलावता घरोघर फिरतात. मीटरचं एक टोक कूलरच्या पत्र्याला, दुसरं अर्थिंगला. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. भाऊंची धाकटी बहीण तशीच गेली, असं गल्लीतल्या म्हाताऱ्या सांगतात. ते स्वतः त्यावर बोलत नाहीत. चहाही घेत नाहीत, पुढच्या घरी जायचं असतं.

परवा मी बादली घेऊन कूलरकडे निघालो, तर रस्त्यावरूनच हाक आली, "आधी पिन काढा ना जी! किती वेळा सांगू तुम्हाला?"