परंपरा, विश्राम!

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कॅडेट कोअरमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांना ‘फिश’ म्हणतात. त्यांच्या रायफल-कवायतीच्या पथकाचं नाव फिश ड्रिल टीम. १९९२ च्या ‘अ फ्यू गुड मेन’ची नामावली सुरू असताना गरगर फिरतात त्या रायफली याच पोरांच्या. सिनेमा कशावर? वरिष्ठांच्या हुकमावरून दिलेल्या ‘शिस्ती’त एका सैनिकाचा जीव जातो, त्यावर. अन् पाचच वर्षांनी, १९९७ मध्ये, रॅगिंगपायी हेच पथक गुंडाळावं लागलं. पटकथेचा एवढा मन लावून अभ्यास नटांनीही केला नसेल!

पुढे पथक पुन्हा उभं राहिलं. असं झालं की ‘आता पूर्वीची मजा नाही’ म्हणणारे माजी वीर हजर होतातच (आपल्या हॉस्टेलांतही त्यांचा तुटवडा नाही). पूर्वीची म्हणजे कधीची? १९७४ मध्ये कोअरमध्ये मुली आल्या, त्याआधीची? रायफल अजून तशीच हवेत फिरवायची असते, लाकडावर सगळ्यांच्या तळहातांची थाप एकाच क्षणी पडावी लागते, झेल चुकला तर बोटं सुजतात. एवढं सोसूनही वरून मार खायची परंपरा कुणाला हवीच असेल, तर त्यानं आधी स्वतः रांगेत उभं राहावं.